आपल्यातलीच हवी

मी काय काम करायची, हे बंगळुरातल्या आमच्या जयनगरच्या गल्लीत अजून कुणाला नीट ठाऊक नाही. ‘इस्पितळात सिस्टर होते’ म्हटलं की लोकांचं समाधान होतं. मग ते आपलं ब्लडप्रेशर सांगायला लागतात आणि माझी सुटका होते. एकदा मात्र हळदीकुंकवाला मी खरं सांगून बसले. म्हटलं, मूल होत नाही त्यांच्या दवाखान्यात होते. एकीचं बीज दुसरीला द्यायचं काम तिथं चालायचं आणि देणारीला, घेणारीला दोघींना समजावून सांगायला मी होते. शेजारच्या काकूंच्या हातातला लाडू हातातच राहिला. “अगं बाई! म्हणजे मूल नक्की कुणाचं?” त्यांनी विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं की, जी पोटात वाढवते आणि जन्म देते, तिचं. कायदाही तेच म्हणतो. काकूंनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

मी मूळची बेळगावची. कानडी आणि मराठी दोन्ही तोंडात, हिंदी कामापुरती. बाळंतपणाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला या विभागात ओढलं. तोवर मी इतकं पाहिलं होतं, की आता कशाचा धक्का बसायचा राहिलाय असं मला वाटायचं. किती चुकीचं वाटत होतं, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाईच्या शरीरात दर महिन्याला साधारण एक बीज पिकतं. कुणाची बीजं लवकर संपतात, कुणाची आजारपणात जातात. अशा बाईचं गर्भाशय धडधाकट असतं, पण त्यात रुजवायला बीज नसतं. मग दुसरी बाई आपलं बीज देते. त्यासाठी तिला काही दिवस पोटावर इंजेक्शनं घ्यावी लागतात, म्हणजे एकाऐवजी बरीच बीजं एकदम तयार होतात. मध्ये मध्ये सोनोग्राफी करून ती किती वाढली ते बघायचं. वेळ झाली की भूल देऊन बारीक सुईने ती काढून घ्यायची. पुढचं काम लॅबमध्ये. घेणारीच्या नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालून गर्भ तयार झाला, की तो घेणारीच्या पोटात. ऐकायला सोपं आहे. देणारीचं पोट मात्र फुगतं, दुखतं, क्वचित जिवावरही बेततं. ते आधी स्पष्ट सांगणं हे माझं काम, आणि ते मी कधी गुळमुळीत सांगितलं नाही.

पूर्वी या धंद्यात दलालांचा सुळसुळाट होता. त्याच त्या मुली या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायच्या, आणि त्यांचे दंड आणि पोटं काळवंडलेली असायची. नंतर कायदा आला. आता देणारी लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, आणि आयुष्यात एकदाच देता येतं. ती येते बीजांच्या बँकेकडून. घेणाऱ्यांना तिचं नाव कळत नाही, तिला त्यांचं कळत नाही. दोन्हीकडची तोंडं माहीत असणारी आमच्यासारखी एखादीच. कायदा आल्यापासून मी जरा निवांत झोपायला लागले होते.

आणि काय एकेक गिऱ्हाईक! हो, मी गिऱ्हाईकच म्हणते, डॉक्टरीणबाईंना ते आवडायचं नाही. एक सासूबाई देणारीची पत्रिका मागायच्या. “मंगळ असेल तर आत्ताच सांगा, मागाहून भानगड नको.” एका गृहस्थांना तिचे बारावीचे गुण हवे होते. त्यांचे स्वतःचे किती, असं मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. एक आजी अगदी माझ्या कानाला लागून म्हणाल्या, “गोत्र तेवढं वेगळं बघा हो. आमच्या मुलाचं आणि तिचं एकच निघालं तर सगोत्र नाही का व्हायचं?” नंतर विचार केला, तर त्यांच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं. हीच माणसं पुढे बाळ झालं की जयनगरच्या बाजारात मला पाहून फुटपाथ बदलायची. मला त्याचा राग आला नाही. मला बघितलं की त्यांना आठवतं, एवढंच.

शाल्मली त्यातली नव्हती. पुण्याची, दोघंही आयटीत, घर मारतहळ्ळीला. तिची बीजं तिशीतच संपली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर ती रडली नाही. माझ्या खोलीत येऊन बसली, पर्समधून टिश्यू काढला, त्याचे तुकडे तुकडे केले आणि मग म्हणाली, “सिस्टर, मला हाइट नको, गोरा रंग नको, एज्युकेशन नको. माझी एकच कंडिशन आहे. ती मराठी हवी.”

मी म्हटलं, “अगं, बीजाला भाषा नसते. तू बोलशील तेच बाळ बोलेल.”

“आय नो. सायंटिफिकली सगळं माहितीये मला. पण माझ्याकडून त्याच्यात काहीच जाणार नाहीये ना! निदान कुठून तरी आपल्यातलं काहीतरी असू दे. आपल्यातलीच हवी, प्लीज.”

बंगळुरात देणाऱ्या येतात त्या बहुतेक कानडी, तेलुगू, तमिळ. मराठी क्वचितच. मी तसं तिला सांगितलं, वाट पाहावी लागेल असंही सांगितलं. ती वाट पाहायला तयार झाली. नवरा बिचारा ‘तू म्हणशील तसं’ या गटातला होता.

बरेच महिने गेल्यावर बँकेने रेणुकाला पाठवलं. निपाणीकडची, नवरा टॅक्सी चालवायचा, मुलगा शाळेत जाणारा. माझं बोलणं ऐकून तिचा चेहरा फुलला. आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. ते कानावर पडल्यावर मलाही माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. सगळे धोके सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, हे कशासाठी करतेस? गरज आहे, हे तिने लपवलं नाही. मग म्हणाली, “आणि अक्का, माझ्या थोरल्या बहिणीला पोर न्हाई म्हणून माघारी लावून दिलं तिच्या सासरच्यांनी. तिला कुणी दिलं असतं तर? म्हणून आलो.”

सगळं सुरळीत पार पडलं. जाताना तिने एवढंच विचारलं, “ज्यांना गेलं, त्या चांगल्या हायत न्हवं?” मी म्हटलं, चांगल्या आहेत. “सरी अक्का, मग झालं,” असं कानडीतलं ‘बरं’ म्हणून ती गेली. एकदाच द्यायचं असल्यामुळे ती पुन्हा दिसायचं काही कारण नव्हतं.

शाल्मलीला मुलगी झाली. तिने फुटपाथ बदलला नाही. उलट फोटो पाठवायची, सणाला फोन करायची. वर्षाच्या वाढदिवसाला आग्रहाने घरी बोलावलं. पाहुण्यांना तुम्ही माझ्या बेळगावच्या मावशी आहात असं सांगेन, चालेल ना, असं आधीच विचारून घेतलं. मी म्हटलं, चालेल की. मला बाळ बघायचं होतं. इतकी बाळं झाली, पण घरी बोलावून दाखवणारी हीच.

रिंग रोडच्या गर्दीतून रिक्षा कशीबशी पोचली. लिफ्टने वर गेले, बेल वाजवली. दार उघडलं रेणुकाने. तिच्या कडेवर ती मुलगी होती.

हातातला खाऊचा डबा पडता पडता वाचला. रेणुकाच्या ओठांवर ‘अक्का’ आलेलं मला दिसलं आणि तिने ते गिळलेलंही दिसलं. आतून शाल्मलीचा आवाज आला, “रेणुका, कोण आहे गं?” तिने माझ्यावरची नजर न काढता सांगितलं, “पाहुणे आल्यात, ताई.”

त्या घरात मी केक खाल्ला की काय खाल्लं, मला आठवत नाही. फुगे, गाणी, ऑफिसातल्या मुलींचं फोटो काढणं, सगळं दुरून चालल्यासारखं वाटत होतं. शाल्मली मला कौतुकाने सांगत होती, “डे-केअरला सगळे हिंदी नाहीतर इंग्लिशच बोलतात. म्हटलं, बाळाच्या कानावर दिवसभर मराठी पडायला हवं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, सांभाळायला मराठी बाई हवी, आणि ही मिळाली. लकी ना? एवढ्या मोठ्या बंगळुरात!”

लकी! एवढ्या मोठ्या बंगळुरात मराठी किती, त्यातल्या अशा कामाला येणाऱ्या किती? तिने दोनदा एकच गोष्ट मागितली होती, आणि दोन्ही वेळा शहराने तिच्या हातात एकच बाई ठेवली होती. हे मला आधी सुचायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. कुणाला सुचलं असतं?

आणि आणखी एक गोष्ट तिथेच, सोफ्यावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आली. तोवर रेणुकाला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीने ते एक कामाचं घर होतं. बाळाच्या वाढदिवसाला मी दारात उभी राहिले, म्हणजे हे बाळ आमच्या दवाखान्यातलं, हे तिला माझ्यामुळे कळलं. तारखा मोजल्या की पुढचं जुळवणं काही अवघड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. “मंगल, आपण काही पाहिलेलं नाही. एकीचं नाव दुसरीला सांगायची आपल्याला मुभा नाही. दोघी सुखात आहेत ना? मग बोलायचं नाही.” त्यांची शांतता बघून मला आणखीच धक्का बसला. पण त्यांचं चुकत कुठे होतं? शाल्मलीला कळलं, तर रेणुकाचं काम जाणार. ते एक वेळ दुसरीकडे मिळेल. पण ज्या मुलीसाठी शाल्मली एवढी झुरली, तिची आई आपण की ही, असा किडा एकदा डोक्यात शिरला असता तर तो कुणी काढायचा? मी तोंडाला कुलूप लावलं. शाल्मलीचे फोटो येत राहिले. प्रत्येक फोटोच्या कडेला रेणुकाचा हात नाहीतर पदर असायचा, आणि माझी नजर आधी तिकडेच जायची.

असं वर्षभर चाललं. मग शाल्मलीने मला पुन्हा घरी बोलावलं. काम आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणाली. मला वाटलं, हिला कळलं. गेले, तर ती छान हसत होती. नवरा ऑफिसला, मुलगी आत झोपलेली, रेणुका स्वयंपाकघरात. काम असं निघालं, की तिची हेब्बाळला राहणारी नणंदही त्याच फेऱ्यात सापडली होती, आणि तिलाही मराठीच डोनर हवी होती.

“आणि सिस्टर, मला इतकी भारी आयडिया सुचली! आपली रेणुकाच! हेल्दी आहे, स्वभावाने किती गोड आहे, स्वतःचा मुलगा आहे. दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यासारखं बाळ झालं तर अजून काय हवं?”

ही काय बोलत होती, हे तिचं तिला ठाऊक नव्हतं. “ओळखीतली बाई चालत नाही,” मी कसंबसं म्हटलं.

“मग बँकेतून पाठवू ना. तुम्ही फक्त जुळवून द्या. मी अजून तिला विचारलेलं नाही, म्हटलं तुमच्यासमोरच विचारू, तुम्ही नीट समजावता. रेणुका! जरा ये गं.”

मी नको नको म्हणेपर्यंत रेणुका पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. शाल्मलीने तिला जवळ बसवलं आणि बीज म्हणजे काय, ते कसं देतात, दुखतं का, सगळं समजावून सांगितलं. तीन-चार वर्षांपूर्वी मी माझ्या खोलीत दोघींना वेगवेगळं सांगितलेलं, आता एक दुसरीला सांगत होती. रेणुका खाली मान घालून ऐकत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“तुझ्यावर काही जबरदस्ती नाही हं,” शाल्मली म्हणाली. “स्वल्प विचार कर आणि सांग.” एक-दोन कानडी शब्द वापरायची तिला हौस होती.

“तसं न्हवं ताई,” रेणुका म्हणाली. “तुमच्या माणसांसाठी दिलो असतो की. पण एकदाच देता येतंय.”

बोलून गेल्यावर तिचं तिला कळलं. तिने मान वर करून एकदम माझ्याकडे पाहिलं. शाल्मलीनेही तिच्या नजरेमागोमाग माझ्याकडे पाहिलं. हा नियम घेणाऱ्या बायकांना सहसा ठाऊक नसतो. त्यांना तो लागूच होत नाही. तो ठाऊक असतो देणारीला.

शाल्मली हुशार मुलगी. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं तिचं काम. तिला समजायला क्षणभर लागला असेल. “तुम्ही म्हणाला होता,” ती मला म्हणाली, “मराठी क्वचितच येतात.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला दोन्ही बोलता येत नव्हतं. माझं गप्प बसणंच तिला पुरलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?” तिने रेणुकाला विचारलं.

“पहिल्या वाढदिवसाला अक्का आल्या, तवापासून.”

“आणि तरी राहिलीस?”

“मी काय करायचं होतं ताई? काम सोडून जायला कारण काय सांगू?”

मला वाटलं आता ही ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल. तिने पोह्यांची बशी रेणुकाच्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, “आज तू लवकर जा.” रेणुका चपला घालून निघून गेली. नंतर तिला फोनवर मेसेज आला, की उद्यापासून यायला नको.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणावर काढायचा? शाल्मलीवर काढावा, तर तिच्या डोळ्यांत मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती, तिची बीजं संपल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा नाही. तिने कामावरून रजा घेतली आणि मुलीला स्वतः सांभाळायला लागली. दुसरी बाई ठेवायला तयार होईना, असं तिच्या नवऱ्याने मला कळवलं.

काही दिवसांनी दुपारी रेणुका माझ्या खोलीत आली. तिला एका कानडी घरात आजींना सांभाळायचं काम मिळालं होतं, ते सांगायला आली होती. शाल्मलीबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही.

“मुद्दाम बोललो न्हाई अक्का, तोंडातनं निघालं.”

“मला ठाऊक आहे गं. पण एक खरं सांग. कडेवर घेताना तुला काय वाटायचं?”

ती म्हणाली, “माझं पोर म्हणून कवाच वाटलं न्हाई. माझं घरात हाय की. पण तिला ताप आला की पोटात कालवायचं. आता ते कशानं, मला काय ठावं? दोन वर्षं सांभाळलं म्हणून असंल. न्हाईतर दुसरं काय असंल.” आणि मग पदराने डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शाल्मली. मी घ्यावा की नाही या विचारात असतानाच अंगठा लागला आणि तिचा आवाज खोलीभर झाला. मागे मुलीचं रडणं चाललं होतं. “सिस्टर, मला कुणाला विचारायचं कळत नाहीये. रोज दुपारी ती अशीच रडते. मी मांडीवर घेते, थोपटते, फिरवते, सगळं केलं. माझ्याजवळ झोपतच नाही. तिला मी नकोच आहे. मला ते झोपवणं येत नाही सिस्टर, ते तिलाच यायचं.” आणि आईही मुलीसारखीच रडायला लागली.

समोर रेणुका. तिने हात पुढे केला. इतकी वर्षं दोघींच्या मध्ये उभं राहायचं माझं काम. मी फोन तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

“ताई, मी बोलतोय,” रेणुका म्हणाली. तिकडून फोन बंद झाला नाही. “माझ्याजवळ बी झोपायची न्हाई ओ ती. तुम्ही ऑफिसला गेला की रोज हाच दंगा. मग मी तुमची घरातली ओढणी तिला गुंडाळून द्यायचो. तुमच्या अंगाचा वास लागला की गप झोपायची. त्या ओढणीची सवयच लागलीया तिला. आता तुम्हीच घरात, म्हणून ते द्यायचं तुम्हाला सुचणार कसं?”

मुलीचं रडणं फोनच्या अगदी जवळ आलं. मग शाल्मलीने विचारलं, “कुठली ओढणी?”

“हिरवी. तुम्ही घरभर शोधत होता बगा, ती. बाळाच्या गादीखाली हाय. धुऊ नका, तशीच द्या.”